जुन्या जीपच्या सीटा घरीच नव्याने बांधताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमची जीप १९७२ सालची, महिंद्राची सीजे-थ्रीबी. उंच बॉनेटवाली. तिची बरीच वर्षं पिंपळगाव बसवंतच्या द्राक्षबागेत गेली, आता ती नाशकात गंगापूर रोडला आमच्या पार्किंगमध्ये उभी असते. गेल्या हिवाळ्यात तिच्या पुढच्या दोन सीटा आणि मागचा बाक मी घरीच नव्याने केला. तेव्हापासून मित्र, मित्रांचे मित्र आणि सोसायटीतले लोक येता-जाता जे विचारतात, ते एकदाच लिहून ठेवतोय. मी कुशनवाला नाही. सातपूरला एका कारखान्यात मोजमाप तपासण्यात नोकरी गेली, त्यामुळे पट्टी आणि वजनकाटा यांवर माझा जरा जास्त विश्वास आहे, हे वाचताना लक्षात येईलच.

हे घरी खरंच जमतं का? की शेवटी सीट मेकरकडेच जावं लागतं?

जमतं. लोक शिवणकामाला घाबरतात, पण अख्ख्या कामात शिवण फार तर चौथा हिस्सा. उरलेलं काम उसवणं, घासणं, रंगवणं, मापं घेणं आणि फोम कापणं. त्यात कौशल्यापेक्षा चिकाटी लागते. जीपची सीट त्या मानाने सोपी आहे: सपाट बैठक, सपाट पाठ, कडेला पट्टा. आजकालच्या गाड्यांसारखे कंगोरे, हेडरेस्ट, एअरबॅग असलं काही नाही.

शिवण नकोच असेल तर मधला मार्ग आहे. सगळे तुकडे घरी कापा, खुणा करा आणि सीट मेकरकडून फक्त टीप मारून आणा. माझा एक मित्र असंच करतो. सीट मेकर आधी जरा नाराज होतो, पण तुकडे नीट कापलेले दिसले की करून देतो.

किती दिवस लागतात?

मला सहा रविवार लागले. त्यातला एक पूर्ण रविवार चुकीचा फोम परत करण्यात गेला.

सुरुवात कुठून करायची?

फोटोंपासून. सीट सोडवण्याआधी चारही बाजूंनी आणि खालूनही फोटो काढा. कोणता बोल्ट कुठला, वॉशर किती, पुढची डावी सीट कशावर उलटते, हे महिनाभराने आठवत नाही. आठवेल असं त्या वेळी वाटत असतं, तरीही आठवत नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. सीजे-थ्रीबीची पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखालीच असते. त्यामुळे गंजलेला बोल्ट सुटेना म्हणून तिथे गॅसची ज्योत मारणं, ग्राइंडर लावणं, वेल्डरला गाडीपाशी बोलावणं हे प्रकार अजिबात करायचे नाहीत. गंज सोडवणारं तेल आदल्या रात्री आणि सकाळी पुन्हा सोडा, मग लांब दांड्याच्या पान्याने सावकाश. माझे दोन बोल्ट तरीही तुटले. त्यांची मान हॅक्सॉने हाताने कापली, अर्धा तास लागला. सीट निघाली की टाकीवरचा कचरा पुसून घ्या, झाकणाचा वायसर तपासा. ती जागा इतकी मोकळी पुन्हा लवकर मिळणार नाही.

जुनं कव्हर चिंध्या झालंय. फाडून काढलं तर चालेल ना?

नाही. लोक नेमकी इथेच घाई करतात.

जुनं कव्हर हाच तुमचा फर्मा. ते ब्लेडने एकेक टाका तोडत उसवायचं, फाडायचं नाही. प्रत्येक तुकड्याच्या मागच्या बाजूला खडूने लिहा: 'ड्रायव्हर, बैठक, पुढची कड', बाणाने दिशा दाखवा. दोन तुकडे जिथे जुळतात तिथे, उसवण्याआधी, शिवणीवरून आडवी रेघ मारा. उसवल्यावर ती रेघ दोन्ही तुकड्यांवर अर्धी-अर्धी राहते आणि नवीन तुकडे जुळवताना देवासारखी धावून येते.

मग तुकडे उलटे पसरून जाड ब्राउन पेपरवर आखायचे. एक लक्षात ठेवा: पन्नास वर्षांच्या सीटचं कव्हर बसून बसून ताणलेलं असतं, विशेषतः ड्रायव्हरच्या बाजूला. म्हणून डाव्या सीटचा तुकडा उजव्यावर उलटा ठेवून पाहा. आमच्या गाडीत दोन्हींत पाऊण इंचाचा फरक निघाला. डावीकडे आई कधीमधी बसायची, उजवीकडे अण्णा रोज. मी डावीचंच माप दोन्हीकडे वापरलं.

खुणा बॉलपेनने करू नका. त्याची शाई रेक्झिनमध्ये मुरते आणि काही महिन्यांनी वरच्या बाजूला उमटते. शिंप्याचा खडू किंवा पेन्सिल, आणि तीही कायम मागूनच.

आत काय काय सापडतं?

प्रत्येक गाडीचं वेगळं. आमच्या सीटमध्ये वरून खाली असा क्रम होता: काळं रेक्झिन, त्याखाली पिवळा पडून पापडासारखा चुरा झालेला फोम, त्याखाली काथ्याची गादी, मग किंतान आणि सर्वांत खाली नागमोडी स्प्रिंगा. काथ्यात उंदरांचा जुना संसार. मागच्या बाकात एक पाना, जो हरवला म्हणून अण्णांनी एका माणसावर संशय घेतला होता. तो माणूस आता नाही, अण्णाही नाहीत. पाना माझ्या खोक्यात आहे.

चुरा झालेला फोम आणि उंदरांची घाण, दोन्ही श्वासात जाता कामा नयेत. मास्क लावा, काम उघड्यावर करा, आणि झाडण्याआधी पाणी शिंपडा.

सांगाडा गंजलाय. कितपत गंज चालतो?

वरवरचा कितीही चालतो. पोलादी ब्रशने घासा, मग ८० नंबरचा कागद, मग १२०, रेड ऑक्साइडचे दोन हात, वर काळा इनॅमल. घासल्या दिवशीच पहिला हात मारा. पावसाळ्यात उघडं लोखंड रात्रभर ठेवलं तर सकाळी पुन्हा लाल झालेलं असतं.

नळी आतून गेली असेल तर मात्र रंग ही फसवणूक आहे. छोट्या हातोडीने टकटक करत जा. चांगली नळी खणखण वाजते, कुजलेली भदभद. आमच्या मागच्या बाकाच्या सांगाड्याचा एक कोपरा असा निघाला. कारण शोधायला फार लांब जावं लागलं नाही. बागेच्या दिवसांत मोरचुदाच्या, म्हणजे फवारणीच्या निळ्या तांब्याच्या क्षाराच्या, पिशव्या त्याच बाकावरून यायच्या. ओल लागली की मोरचूद लोखंडाला खातं आणि त्यावर तांब्याचा लालसर थर धरतो. घासताना एका जागी ब्रशखाली अचानक नव्या पैशासारखी चमक दिसली, तेव्हा क्षणभर मला वाटलं पितळ लागलं. जरा खरवडलं तर खाली लोखंडाची चाळण. तो सहा इंचांचा तुकडा कापून अंबडच्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडून नवीन नळी जोडून आणली. सीट गाडीतून काढलेली होती, त्यामुळे टाकीची चिंता नव्हती.

बोल्ट जुने वापरू नका. ८.८ ग्रेडचे नवे, स्प्रिंग वॉशरसकट.

स्प्रिंगा ठेवाव्यात की काढून प्लायवुड बसवावं?

स्प्रिंगा शाबूत असतील तर ठेवाच. जीपला पाट्यांचं सस्पेन्शन, त्यात आपले शेतरस्ते. सीटखालच्या स्प्रिंगा हाच कंबरेला मिळणारा शेवटचा आधार. एखादी तुटली असेल तर तेवढीच बदलता येते, हुक सुटला असेल तर पक्कडने वळवता येतो. स्प्रिंगांवर थेट फोम टाकला की तार तो वर्ष-दोन वर्षांत कापते. मध्ये किंतानाचा दुहेरी थर ताणून शिवा आणि त्यावर काथ्याची पातळ गादी द्या. जुने कारागीर हेच करत होते आणि त्यात सुधारणेला जागा मला दिसली नाही.

बऱ्याच जीपांत आधीच कुणीतरी स्प्रिंगा उडवून प्लाय ठोकलेलं असतं. तसं असेल तर मरीन प्लाय घ्या, आय.एस. ७१० छापलेलं, १२ मिलिमीटर. त्याला अर्ध्या इंचाची सात-आठ भोकं पाडा आणि कापलेल्या कडांना व भोकांच्या आतूनही रंग द्या. भोकं कशाला, ते पावसाच्या प्रश्नात येतं.

फोम कोणता घ्यायचा? दुकानदार 'डेन्सिटी' विचारतो.

डेन्सिटी म्हणजे एका घनमीटर फोमचं किलोत वजन. ३२ चा फोम सोफ्याच्या पाठीला ठीक, जीपच्या बैठकीला ४० च्या खाली जाऊ नका. मी केलं ते असं: सर्वांत खाली एक इंच रिबॉन्डेड, म्हणजे फोमचे तुकडे दाबून केलेला रंगीबेरंगी कडक फोम, त्यावर दोन इंच ४० डेन्सिटी आणि सर्वांत वर अर्धा इंच मऊ. पाठीला दोन इंच ३२ पुरतो.

आता वजनकाट्याची गोष्ट. पहिल्या दुकानातून आणलेली '४० ची' शीट हाताला हलकी वाटली. सहा फूट बाय तीन फूट बाय दोन इंच म्हणजे ०.०८५ घनमीटर. ४० ने गुणलं की वजन ३.४ किलो भरायला हवं. ३२ ची असेल तर २.७ किलो. सोसायटीसमोरच्या किराणावाल्याच्या काट्यावर गुंडाळी ठेवली, २ किलो ७५० ग्रॅम. किराणावाल्याने विचारलं, 'काका, काय भावाने घेतलं?' दुकानदाराने फारशी कटकट न करता बदलून दिली. याचा अर्थ त्यालाही माहीत होतं, असा मी लावला. तुम्ही दुकानातच वजन करून घ्या, रविवार वाचेल.

जाड फोम टाकला तर जास्त आरामदायी होईल ना?

होत नाही. हे मी स्वतःच्या गुडघ्यांवर शिकलो. पहिल्या वेळी उत्साहात पाच इंचांचा थर केला. दिवाणावर छान वाटत होता. गाडीत बसवला आणि आत शिरलो तर मांड्या स्टिअरिंगखाली अडकल्या, क्लच दाबायला पाय उचलता येईना आणि समोर रस्त्याऐवजी काचेच्या वरच्या चौकटीचा लोखंडी पट्टा नेमका डोळ्यांच्या रेषेत. सौ.ने खिडकीतून पाहिलं आणि विचारलं, 'घोड्यावर बसलायत का?'

जुनी उंची मोजून ठेवा. तीही जुना, बसलेला फोम मोजून नाही. गाडीत बसून, डोळ्यांपासून काचेच्या चौकटीपर्यंतचं अंतर कुणाला तरी मोजायला सांगा. नवीन फोम पहिल्या दोन-तीन महिन्यांत थोडा बसतो, तेवढी अर्ध्या इंचाची सूट धरा, त्याहून जास्त नको.

फोम कापायचा कशाने? कात्रीने कड वाकडी येते.

येणारच. हॅक्सॉचं नुसतं पातं, नवीन, एका टोकाला कापड गुंडाळून. दाबायचं नाही, लांब लांब फिरवायचं. फोम फर्म्यापेक्षा चारही बाजूंनी पाव इंच मोठा कापा. त्यामुळे कव्हर तट्ट बसतं. मापात कापला की कव्हरला पहिल्याच महिन्यात सुरकुत्या.

रेक्झिन, कॅनव्हास की लेदर?

लेदर विसरा. उघडी गाडी, नाशिकचं एप्रिल-मेचं ऊन आणि मग पाऊस, यात लेदर टिकवायला नोकर ठेवावा लागेल.

कॅनव्हास दिसायला सर्वांत देखणं आणि युद्धकाळातल्या विलीज जीपांवर खरोखर तेच असायचं. उन्हात ते रेक्झिनइतकं तापत नाही. पण सुती कॅनव्हास भिजलं की आटतं, म्हणून कापण्याआधी दोनदा भिजवून वाळवलंच पाहिजे. आणि ते पाणी पितं. सुकायला दोन दिवस घेतं, तोवर खालचा फोम ओला. गाडी शेडमध्ये राहणार असेल, फक्त थंडीत बाहेर निघणार असेल तर कॅनव्हास घ्या.

मी रेक्झिन घेतलं. गाडीच्या सीटसाठी मिळतं ते, मागे विणलेलं कापड असलेलं, एक मिलिमीटरच्या आसपास जाड. सोफ्याचं पातळ रेक्झिन स्वस्त असतं, पण उन्हात तडकतं. दुकानात तुकडा हातात घेऊन घट्ट दुमडा आणि नखाने घडी दाबा. सोडल्यावर पांढरी रेघ राहिली तर ठेवून द्या. दोन्ही दिशांना ताणूनही बघा: बहुतेक रेक्झिन पन्ह्यात जास्त ताणलं जातं, लांबीत कमी. त्यामुळे दोन्ही सीटांचे तुकडे एकाच दिशेने कापायचे. कापड वाचवायला एक तुकडा आडवा काढलात तर ती सीट लवकर सैल पडणार.

किती रेक्झिन लागेल?

५४ इंच पन्ह्याचं साडेचार मीटर लागलं, पुढच्या दोन सीटा आणि मागचा बाक धरून. त्यातलं अर्धा मीटर माझ्या चुकांचं. तेवढं तुम्हीही धरा.

घरातल्या शिलाई मशीनवर शिवता येतं का?

कोणतं मशीन आहे त्यावर. आईचं काळं, लोखंडी, पायाने चालवायचं मशीन असेल तर निर्धास्त राहा. त्या मशीनला सरळ टीप सोडून काही येत नाही, पण ती टीप रेक्झिनचे दोन-तीन पदर सहज मारते. नवीन प्लास्टिक बॉडीची, फुलापानांचे टाके काढणारी मशीन या कामाला नाजूक. तिची मोटर तापते.

पाइपिंगच्या, म्हणजे कडेच्या शिवणीत घालतात त्या गोल गोटाच्या, कोपऱ्यावर पाच-सहा पदर एकत्र येतात. तिथे पाय थांबवा आणि चाक हाताने फिरवा, एकेक टाका. घाई केलीत की सुई मोडते आणि तिचा तुकडा कुठे उडेल सांगता येत नाही, म्हणून चष्मा लावा. रेक्झिन दाबपट्टीला चिकटून सरकेनासं होतं. टेफ्लॉनची दाबपट्टी मिळते. नसेल तर पट्टीच्या खालच्या बाजूला सेलोटेप लावा किंवा शिवणीवर टाल्कम पावडर भुरभुरा. आई तेच करायची, बाळाच्या प्लास्टिकच्या दुपट्यांना.

सुई आणि दोरा?

१८ नंबरची सुई, पाच-सहा जास्तीच्या. दोरा पॉलिस्टर किंवा नायलॉन, जाड. सुती दोरा उन्हापावसात कुजतो आणि रेक्झिन धडधाकट असताना शिवण उघडते.

टाका मोठा ठेवा, साडेतीन ते चार मिलिमीटर. कापड शिवायची सवय असलेल्यांना हे पटत नाही, त्यांना वाटतं बारीक टाका म्हणजे पक्का टाका. रेक्झिनमध्ये सुईचं प्रत्येक भोक कायमचं. बारीक टाके मारले की पोस्टाच्या तिकिटासारखी भोकांची रांग तयार होते आणि बरोब्बर तिथूनच फाटतं. त्याच कारणाने टाचण्या लावायच्या नाहीत. कपडे वाळत घालायचे चिमटे वापरा. उसवून पुन्हा शिवण्याची वेळ आली तर नवी टीप जुनीच्या आत घ्या, म्हणजे जुनी भोकं मायेत, शिवणीबाहेर सोडलेल्या जादा कडेत, लपतात.

शिवणीला माया अर्धा इंच सोडा. वळणावर ती माया दर अर्ध्या इंचाला कातरा, पण टिपेच्या अलीकडे थांबा.

पाइपिंग केलीच पाहिजे का? फार त्रासाची वाटते.

शोभेसाठी असती तर मीही सोडली असती. पण जीपमध्ये आपण सीटवर बसत नाही, कडेवरून घसरत आत जातो. सगळं घासणं बाहेरच्या कडेला होतं. पाइपिंग ते स्वतःवर घेते, शिवण वाचते. दीड इंचाची पट्टी कापा, आत प्लास्टिकची दोरी घाला, सुतळी नको. आधी पाइपिंग बैठकीच्या तुकड्याला शिवायची, मग त्यावर कडेचा पट्टा. चार बाजूंच्या मध्यखुणा जुळवून चिमटे लावा आणि मध्यापासून कोपऱ्याकडे शिवत जा. एका टोकापासून निघून गोल फिरलात तर शेवटी पट्टा इंचभर उरतो. तो इंच कुठून आला, ते शोधून सापडत नाही.

वर उभ्या शिलाया घालून डिझाइन करावं का?

छान दिसतं. पण बैठकीवरची प्रत्येक शिलाई म्हणजे पाण्याला भोकांची ओळ. हौस असेल तर पाठीवर करा, बैठक सपाट ठेवा.

पावसाचं काय? पाणी आत जाऊ नये म्हणून फोमला प्लास्टिक गुंडाळलं तर?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो आणि माझं उत्तर बऱ्याच जणांना आवडत नाही.

उघड्या जीपच्या सीटमध्ये पाणी जाणारच. नाशिक शहरात पाऊस तसा बेताचा, पण गाडी त्र्यंबकला किंवा इगतपुरीकडे नेलीत की पाऊस आडवा येतो, हूड असून नसल्यासारखं. शिवणीतून, पाइपिंगखालून, पाठ आणि बैठकीच्या फटीतून ते शिरतं. प्लास्टिकने फोम पूर्ण गुंडाळलात तर शिरलेलं पाणी बाहेर पडत नाही. घामाची वाफही आतच. मग बुरशी, वास आणि खाली सांगाड्याला गंज. पाणी आत येऊ न देण्यासाठी जेवढी धडपड कराल, त्याच्या निम्मी ते बाहेर काढण्यासाठी करा. प्लायला भोकं, खालच्या बाजूला रेक्झिनऐवजी किंतान किंवा मांजरपाट, आणि फोमखाली हवा खेळेल इतकी जागा. स्प्रिंगांच्या सीटला हे आपोआप मिळतं, म्हणूनच जुन्या सीटा एवढी वर्षं टिकल्या.

भिजून आलात की घरी पोचल्यावर डावी सीट पुढे उलटी करून ठेवा, उजवीचा गादीचा भाग निघत असेल तर काढून भिंतीला टेकवा. रात्रभरात निथळते. हे आळसामुळे आमच्याकडे एकदा राहिलं, आठ दिवसांनी गाडीत ओल्या पोत्याचा वास.

चिकटवायला फेविकॉल चालेल?

नेहमीचा पांढरा नाही. तो लाकडाचा, इथे वाळून कडक होतो आणि ओल लागली की सुटतो. सिंथेटिक रबराचं पिवळट सोल्युशन घ्या, चपला आणि सनमायका चिकटवतात ते. दोन्ही बाजूंना पातळ थर, दहा-पंधरा मिनिटं थांबा, बोटाला चिकटेनासं झालं की दाबा. ओलं असताना दाबलं तर धरत नाही. त्याची वाफ लगेच पेट घेते आणि डोकं धरते. गॅलरीत किंवा अंगणात काम करा, जवळ गॅस किंवा उदबत्तीसुद्धा नको. आणि सोल्युशन फक्त फोमच्या थरांमध्ये. रेक्झिन फोमला चिकटवू नका, नाहीतर पुढच्या वेळी उसवणारा तुम्हाला शिव्या देईल, आणि तो बहुधा तुम्हीच असाल.

कव्हर चढता चढत नाही. लहान शिवलं गेलं का?

बहुतेक नाही. थंडीत रेक्झिन ताठ होतं आणि नाशिकची डिसेंबर-जानेवारीची सकाळ म्हणजे थंडीच. मी पहिलं कव्हर सकाळी सातला चढवायला गेलो, नखं तुटली. तेच कव्हर दुपारी गच्चीवर काळ्या बाजूने उन्हात अर्धा तास ठेवलं आणि ते पोळीसारखं मऊ झालं.

दुसरी युक्ती: लाँड्रीतून शर्ट येतो ती पातळ पिशवी फोमवर ठेवा, कव्हर तिच्यावरून घसरतं. बसल्यावर पिशवी ओढून काढा किंवा फाडून घ्या. आधी पुढची कड, मग मागची, मग बाजू. प्रत्येक बाजूला मध्ये एक स्टेपल, मग कोपऱ्यांकडे. कोपरे सर्वांत शेवटी. सांगाडा पूर्ण नळीचा असेल तर जुन्या कव्हरच्या काठात ओवलेली तार जपून ठेवलेली असेलच, ती नव्या काठात ओवा आणि लोखंडी कड्यांनी स्प्रिंगांना अडकवा. उरलेल्या बारीक सुरकुत्या हेअर ड्रायरने जातात, मोठ्या जात नाहीत. मोठी सुरकुती म्हणजे खाली फोम कमी आहे. तिथे पाव इंचाची चकती घाला.

एकूण खर्च?

माझे वेल्डिंग, रंग, बोल्ट धरून नऊ हजारांच्या आत बसले, आणि सर्वांत मोठा वाटा फोमचा. मजुरी धरली नाही. धरली असती तर हा उद्योग कुणीच केला नसता.

सामान नाशकात कुठे मिळतं?

रेक्झिन, फोम आणि पाइपिंगची दोरी मी द्वारकेच्या बाजूच्या दुकानांतून घेतली. किंतान आणि जाड सुया जुन्या नाशकात, भद्रकालीत. कॅनव्हास हवं असेल तर देवळाली कॅम्पला चौकशी करा. तोफखान्याचं गाव, तिथल्या टेलर मंडळींना जाड कापडाची सवय आहे.

लष्करी हिरवा रंग केला तर पोलीस पकडतात का?

सीटचा नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२१ वा नियम गाडीच्या रंगाबद्दल आहे: ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना. हिरव्या सीटा टाका, बॉडीला तो रंग देऊ नका.

सीटा बदलल्या तर विंटेज नोंदणीला अडचण येते का?

विंटेजचे नियम जुलै २०२१ मध्ये आले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेली, खासगी वापराची, मूळ स्वरूपात ठेवलेली गाडी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल नको. सीटचं कव्हर आणि फोम यात मोडत नाहीत. नव्या नोंदणीचे २०,००० रुपये, दहा वर्षांची मुदत, पुढे ५,०००. मात्र विंटेज नोंदणी केलीत की गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच. मी म्हणूनच अजून केलेली नाही. मला तिच्यातून भाजी आणायची असते.

एवढं करण्यापेक्षा नव्या थारच्या सीटा टाकल्या तर?

थार इथेच, नाशिकच्या कारखान्यात बनते, त्यामुळे हे सुचतंच. पण त्या सीटा रुंद आणि उंच. खाली टाकी, वर स्टिअरिंग, त्यात त्या मावत नाहीत. मग कुणीतरी टाकी हलवायला सांगतो, मग जमिनीचा पत्रा कापायला. तिथपर्यंत गेलात की सीटचं काम राहिलं बाजूला, गाडीच बदलली.

रोजची निगा?

साबणाचं पाणी आणि ओलं फडकं. डाग काढायला पेट्रोल, थिनर लावू नका, रेक्झिनचा मऊपणा निघून जातो आणि ते कडक होऊन तडकतं. चकचकीत करणारं पॉलिशही नको. मी एकदा लावलं आणि कसाऱ्याच्या घाटात प्रत्येक वळणावर सीटवरून घसरत होतो, दाराच्या जागी कॅनव्हासचा पट्टा आहे हे विसरू नका. वर्षातून एकदा सीट काढून खालची बाजू बघा, उंदीर परत आलेत का ते कळतं.

सगळं झालं, पण बसलं की सीट चुईं-चुईं करते.

रेक्झिन लोखंडावर घासतंय. जिथे घासतं तिथे टाल्कम पावडर मारा, सांगाड्याच्या पायांखाली रबराच्या जुन्या ट्यूबचे तुकडे कापून घाला. आवाज गेला तर सीटचा होता. नाही गेला तर बॉडीचा आहे, तो आमच्याकडेही आहे.